गार पाणी, चार मैलांवर

मी एक जुने सिमेंटचे कासव आहे, मित्रांनो, आणि इथून चार मैलांवर माझ्या नावाने एक खोटे लिहिलेले आहे. ते मी लिहिले नाही आणि मला पुसताही येत नाही. म्हणून निदान तुम्हाला सांगतो.

कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात, हमरस्त्याच्या कडेला, हर्शेल टकेट आणि त्याची बायको ओपल यांनी मला घडवले. हर्शेल आधी रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर माझी हाडे झाले, खुराड्याची जाळी कातडी झाली, वरून सिमेंट थापले गेले आणि ओपलने पाठीवर हिरव्या-निळ्या बाटल्यांच्या काचा बसवल्या. पोटात पाण्याची टाकी होती, तोंडात पितळेचा नळ. सोळा मैलांवरच्या स्टेशनातून हर्शेल पाणी आणायचा. त्या काळच्या गाड्या चढावर तापायच्या. येणारा प्रत्येक जण माझ्या तोंडचे पाणी घटाघटा प्यायचा, गाडीच्या नाकावर टांगलेली कॅनव्हासची पखाल भरायचा आणि पोरांना माझ्या पाठीवर बसवून फोटो काढायचा. पाणी फुकट. ओपल खजूर घातलेले थंड दूध विकायची, त्यावर त्यांचे घर चालायचे. माझा तेव्हाचा रुबाब काय विचारता!

रस्त्यावर आमच्या सात पाट्या होत्या. सहा लाकडी, आणि सातवी चार मैलांवरच्या तांबड्या खडकावर रंगवलेली: ‘गार पाणी कासवाच्या तोंडी, चार मैल.’ सगळी अक्षरे ओपलची.

एका उन्हाळ्यात माझ्या पोटातली टाकी फुटली. हर्शेलने काळ्या रंगाचा डबा उचलून ट्रकमध्ये ठेवला, तशी ओपल भडकली.

“दोन दिवसांत टाकी जोडून होईल! तेवढ्यासाठी सातही पाट्या काळ्या करायच्या? डोकं फिरलंय का तुझं? कुणी आलंच तर सांगू, माफ करा म्हणून.”

“तहानलेल्याची माफी कसली मागतेस, ओपल? तो पाटी वाचतो आणि जवळचं पाणी पिऊन टाकतो. पुढं मिळणार म्हणून.”

“आणि परत रंगवणार कोण?”

“तू. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.”

ओपल दिवसभर तोंड फुगवून बसली. पण तिसऱ्या दिवशी टाकी भरल्यावर ब्रश घेऊन तीच गेली.

पुढे गाड्या सुधारल्या, पखाली गेल्या. मग सरकारने उत्तरेला रुंद रस्ता काढला आणि आमच्याकडे वळायला फाटासुद्धा ठेवला नाही. रिकाम्या रस्त्याकडे बघून बघून ओपल खचली आणि गेली. हर्शेलने सहा पाट्या उपटून जाळल्या. खडकावरच्या पाटीवर त्याने काळा रंग फासला, एकावर एक दोन हात. परत येऊन माझ्या नळाचे शेवटचे पाणी प्याला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “आता कुणी फसणार नाही, म्हाताऱ्या.” मग तोही निघून गेला. मला टाकून गेला याचा मला आजही राग आहे. पण तेवढे काम त्याने चोख केले होते.

तीस-पस्तीस वर्षे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मग एके दिवशी शहरातून जुन्या रस्त्याचे प्रेमी आले. माझ्या सावलीत डबे उघडून बसले.

“खडकावर काय सुरेख अक्षरं निघाली!” एक बाई म्हणाली. “कुणा मेल्यानं वर काळं फासलं होतं. टकेटच्या कष्टांची माती केली होती. तीन दिवस घासलं तेव्हा कुठं दिसलं.”

“आता या कासवाच्या नळाचं काय करायचं?”

“राहू दे तसाच. गंजका नळ फोटोत छान दिसतो.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो ‘मेला’ म्हणजे खुद्द हर्शेल होता, हे मी त्यांना कसे सांगणार? माझ्या तोंडात वाळू होती.

पुढच्याच जून महिन्यात, भर दुपारी, एक म्हातारी बाई रिकामा कॅन घेऊन चालत आली. तिचे ओठ फुटले होते. तिने माझा नळ फिरवला. गांधीलमाश्यांचे वाळके घरटे पडले आणि मूठभर वाळू. तिने पुन्हा फिरवला, पुन्हा फिरवला.

“अरे, दे ना!” ती माझ्या तोंडावर थापा मारू लागली. “वेंडेल म्हणाला, कासवाकडे पाणी असतंच. लहानपणी इथंच प्यालाय तो. आमच्याजवळ होतं ते आम्ही पाटी वाचून खडकापाशीच संपवलं रे! आणि तिथंच गाडी बंद पडली. तो आत बसलाय, त्याला चालवत नाही.”

ती थोडा वेळ माझ्या सावलीत बसली. मग रिकामा कॅन घेऊन आली तशी परत निघाली. मित्रांनो, इतकी वर्षे मी लोकांना पाणी दिले, पण मला आठवते ती हीच बाई.

संध्याकाळी दोन पोलीस माझ्यापाशी थांबले. त्यांच्या बोलण्यातून कळले की बाई वाचली, तिचा नवरा वेंडेल वाचला नाही.

त्या प्रेमी मंडळींना खरेच वाईट वाटले. इथे येऊन रडलीसुद्धा. एक जण म्हणाला, “ती अक्षरं परत काळी करून टाकू या.” तर बाकीचे त्याच्या अंगावर धावून गेले. “वेडा झालास? आता तो वारसा आहे!” शेवटी त्यांनी माझ्या गळ्यात पत्र्याची एक पाटी अडकवली: ‘या नळाला पाणी नाही.’ ही पाटी इथे आहे, चार मैल चालून आल्यावर वाचायला.

मित्रांनो, माझ्या फुटक्या काचा जोडू नका. मला रंगवू नका. जुन्या वस्तूचा जीव जपायचा असेल, तर आधी तिचा नळ उघडून बघा. आणि मोठेपणी कधी या वाटेने आलात, तर प्यायला पुरेसे पाणी आणि काळ्या रंगाचा एक डबा घेऊन या. अक्षरे ओपलची आहेत, फार सुंदर आहेत, तेव्हा मन घट्ट करावे लागेल. खडक रस्त्याला लागूनच आहे. हात सहज पोहोचतो.