नवऱ्याला घेतलं की बायको येतेच

खारेपाटातल्या आमच्या कॉलेजात एक जुनी रीत आहे. मास्तर नेमायचा तर लग्न झालेला बघायचा, आणि त्याची बायको शिकलेली असेल तर फारच उत्तम. कारण नवऱ्याला घेतलं की बायको येतेच. ती स्नेहसंमेलनाचे नाच बसवते, सहलीला पोरींबरोबर जाते, परीक्षेला माणूस कमी पडला तर वर्गात उभी राहते. पगार एक, माणसं दोन. संस्थेचे अध्यक्ष दत्तूशेठ म्हात्रे याला 'आपलं कुटुंब' म्हणतात. खरं तर ही फुकटेगिरी आहे, पण चाळीस ट्रेलरच्या मालकाला तोंडावर कोण सांगणार?

यंदा कॉलेजने धावण्याच्या संघासाठी प्रशिक्षक नेमायचं ठरवलं. जाहिरात आली आणि एकाच घरातून दोन अर्ज गेले. एक निकेत पाटीलचा, दुसरा त्याच्या बायकोचा, पूनमचा.

ही दोघं मैदानावर भेटली, मैदानावर भांडली आणि शेवटी लग्न करून मोकळी झाली. निकेतने विद्यापीठाकडून आठशे मीटर पळून पदक आणलेलं. पूनमही पळायची, पण पदकापर्यंत पोचली नाही. पोचली नाही म्हणून तिने शिकवायचं शिक्षण घेतलं. पोरगी दोन वर्षांची असताना तिला सासूच्या कडेवर देऊन पतियाळाला गेली आणि प्रशिक्षकाचा डिप्लोमा घेऊन आली. गावाने तेव्हा यथेच्छ तोंडसुख घेतलं. गावाला दुसरं काम काय असतं! निकेत पालीकडच्या एका शाळेत कंत्राटावर खेळ शिकवतो. दोघं मिळून रोज संध्याकाळी गावातल्या पोरांना खाडीच्या बांधावर पळवतात, कारण सपाट, न संपणारी अशी तेवढीच एक जागा आमच्याकडे आहे.

अर्ज गेले त्या संध्याकाळी दोघं ओटीवर कोलंबी सोलत बसली होती.

"मी माझा अर्ज मागे घेतो," निकेत म्हणाला.

"का?"

"तुला मिळू दे ना."

पूनमचा हात थांबला. "मिळू दे? मी काय थाळी घेऊन दारात उभी आहे?"

"तसं नाही गं."

"मग कसं? शर्यतीत पुढचा माणूस थांबला आणि म्हणाला, या बाई, तुम्ही व्हा पुढे, तर त्याला जिंकणं म्हणतात?"

"म्हणजे पुढचा माणूस मी. हे तूच बोललीस हां."

"पळण्यात तू. शिकवण्यात मी."

निकेत अर्धवटच हसला. हातातली कोलंबी सोलून टाकली आणि म्हणाला, "मलाबी हवंय ते काम, पूनम. रोज पालीला जाऊन कवायत घेऊन घेऊन मी किडलोय."

"हां. आता खरं बोललास. मग लढ की. मला दया नको, शर्यत हवी."

आतून निकेतची आई, सगुणाबाई, ओरडली, "भांडा, पन हात चालू ठेवा. कालवन आज खायचाय, उद्या न्हाय!"

सगुणाबाईबद्दल सांगायला हवं. ती धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नाला भटजी येतो तो नंतर. आधी धवलारीण लागते. ती मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक घालते, लग्नाची गाणी म्हणजे धवले गाते, आणि विधी लावते. ती सांगेल तेव्हा नवऱ्याने उठायचं, सांगेल तेव्हा बसायचं. नवऱ्याचा बाप बाहेर कितीही वाघ असो, तिच्यापुढे मांजर. दत्तूशेठचं लग्नसुद्धा सगुणाबाईनेच लावलेलं. तेव्हा ती तरणी होती आणि दत्तूशेठकडे ट्रेलर सोडा, धड सायकल नव्हती.

मुलाखतीला तिघं बसले होते. दत्तूशेठ, प्राचार्या नूतन मॅडम आणि मुंबईहून बोलावलेले एक जाणकार सर. निकेतची मुलाखत झाली. चांगली झाली. शेठनी त्याला चहा पाजला, पदकाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली, ट्रेलरच्या पोरांची क्रिकेटची टीम बसवशील का ते विचारलं.

मग पूनम आत गेली. जाणकार सरांनी विचारलं, "रिलेमध्ये तुमचा सगळ्यात वेगवान मुलगा कितव्या नंबरला ठेवाल?"

"त्याला बॅटन घेता-देता येते का, त्यावर ठरेल. वेगवान पण हात वेंधळा असेल तर पहिला ठेवीन, म्हणजे त्याला फक्त द्यायची, घ्यायची नाही. आणि दुसऱ्या नंबरच्या पोरासोबत त्याच्याकडून महिनाभर तेवढंच करून घेईन."

सरांनी मान हलवली, आणखी विचारलं. नडगी दुखणाऱ्या पोराचं काय, पाळीच्या दिवसांत मुलींचा सराव कसा, परीक्षेच्या महिन्यात काय. पूनम सांगत गेली. पाळीचा विषय निघाल्यावर शेठ खिडकीबाहेर बघू लागले, जणू तिथून एखादा ट्रेलर वळत होता.

सरांचं संपल्यावर शेठ वळले. "बाय, तू हुशार हायस, त्यात वाद न्हाय. पन कॉलेजची पोरं दाढ्या फुटलेली. बाईचं ऐकतील?"

"बांधावर ऐकतात."

"तिथं निकेत असतो."

"निकेत सकाळी पालीला जातो, शेठ. सकाळची पोरं मी एकटी घेते."

"तरीबी. आपल्याला गुणवत्ता बघायची हाय. पदक त्याच्याकडे हाय."

तिचा डिप्लोमा त्यांच्या कोपराखाली होता. त्यावर चहाचा कप ठेवलेला. आपल्याकडे गुणवत्ता ही वस्तू एरवी कुणाला आठवत नाही. शेठच्या मेव्हण्याला ग्रंथपाल केलं तेव्हा ती गावाला गेलेली होती. बाई दारात उभी राहिली की मात्र ती धावत परत येते.

नूतन मॅडम पूनमच्या बाजूने पुढे सरकल्या. "शेठ, मला वाटतं पूनमलाच घेऊ. आपल्या स्टाफमध्ये बायका कमी आहेत, त्यातून स्थानिक समाजाची एकही नाही. तपासणीला माणसं येतात. फोटोत सगळे मिशावालेच दिसतात, बरं नाही दिसत ते."

मॅडमचा हेतू चांगला होता. पण पूनमला तो चहाच्या कपापेक्षा जास्त लागला.

"मॅडम, फोटोचं काम असेल तर मी एक दिवस नऊवारी नेसून येते, पैसेबी नको. पण प्रशिक्षक घ्यायचा असेल तर माझं काम बघून घ्या. मी बाई आहे ते मला माहीत आहे, ते सांगायला इथवर नाही आले."

जाणकार सरांनी खोकून हसू लपवलं. शेठ मात्र मोकळे हसले. माणूस वाईट नाही तो. अडचणीत असलेल्याच्या दारात मध्यरात्रीही गाडी पाठवील. फक्त त्याच्या डोक्यात बाईचं काम आणि बाईचा पगार या दोन गोष्टींची कधी ओळखच झालेली नाही.

"असं करू," शेठ म्हणाले, "निकेतला घेऊ. आणि तू काय परकी हायस काय? तू येशीलच की त्याच्यासोबत. पोरींचं तू बघ. घरचंच काम. आमच्या पोराचं, गणराजचं लगीन उरकू दे, मग कागद काढतो."

घरी बातमी पोचली तेव्हा निकेत अंगणात घुटमळत होता. "पूनम, मी खूश होऊ की नको?"

"हो ना. हक्क आहे तुझा. फक्त माझ्यासमोर नको."

"तू येणार मदतीला?"

"फुकट?"

सगुणाबाई मशेरी लावत सगळं ऐकत होती. तिने चूळ भरली, तोंड पुसलं आणि एवढंच विचारलं, "दत्त्याच्या गनराजचा मांडव परवा ना?"

मांडवाच्या दिवशी दत्तूशेठच्या अंगणात तालुका लोटला होता. बँड आला, केटरर आला, ड्रोन उडवणारा पोरगा आला. धवलारणीच्या पाटावर मात्र सगुणाबाई नव्हती. तिथे तिचा नवरा बसला होता. सदूबाबा. धुतलेला सदरा, डोक्याला तेल, मांडी घालून. आयुष्यभर मिठागरात राबलेला माणूस, आवाज असा की त्याने हाक मारली तर पलीकडच्या बांधावरचे बगळे उठतात.

"सदूकाका, तुम्ही इथं?" शेठनी विचारलं. "काकू कुठं?"

"ती मागं हाय. तिनं मना बसवलाय. म्हनली, आजपासून धवलारीन तुमी."

"काय चेष्टा लावलीय?"

"मना काय म्हायत? मानाची सुपारी मना द्या, साडीऐवजी धोतर चालंल." आणि सदूबाबाने डोळे मिटून गळा काढला. पहिल्या ओळीला केटररच्या हातातलं झाकण पडलं. दुसरी ओळ त्याला येतच नव्हती, म्हणून त्याने पहिलीच पुन्हा, आणखी मोठ्याने म्हटली. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. नवरदेव गणराज अंगाला हळद लागायच्या आतच पिवळा पडला.

गर्दीतून सगुणाबाई पुढे आली आणि नवऱ्याच्या पाठीमागे हात बांधून उभी राहिली. "काय जालं, दत्त्या? मिसरूड फुटलेला माणूस बसवलाय. पोरं ऐकतील त्याचं. मी हायच मागं. चौक मी घालीन, ओळी मी सांगीन. घरचंच काम. एकाला घेतलं की दुसरं येतंच ना?"

अंगणात कुणाला कळलं, कुणाला नाही. शेठना बरोबर कळलं. त्यांचे कान लाल झाले.

"काकू, हे इथं नको. मांडवात नको."

"मग कुटं? तुज्या हापिसात मना कोन बसवील?"

शेठची म्हातारी आई, तुळशीबाय, खुर्चीतून ओरडली, "दत्त्या! मेल्या, काय केलंस? त्या रेड्याला उठव आनि सगुनीला बसव! नातवाचं लगीन हाय का मिठाचा लिलाव?"

"रेडा कुनाला म्हनतेस, तुळशे?" सदूबाबा बसल्या जागेवरून म्हणाला. त्याला एकंदरीत मजा येत होती.

शेठ सगुणाबाईच्या जवळ आले, आवाज खाली आणला. "काकू, ऐक. तू बाई हायस म्हनून तुला बोलवतो काय मी? तुला येतंय म्हनून बोलवतो. तुज्यासारखं तालुक्यात कुनाला येत न्हाय."

"हां," सगुणाबाई म्हणाली. "हेच. हेच माज्या सुनेला सांग."

शेठही काही कच्चे नव्हते. "मग निकेतला काय कमी येतंय? तुजाच पोरगा हाय. त्याचा घास काढतेस?"

निकेत मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, त्याच्या शेजारी पूनम. सगुणाबाईने पोराकडे पाहिलं. ही बाई शेकडो नवरींना सासरी पाठवताना डोळ्यातून टिपूस काढत नाही, पण तिचा आवाज तिथे थोडा फाटला.

"त्याला कमी येत न्हाय. हिला जास्त येतंय. मी आयस हाय त्याची, मना नको सांगू. बांधावर दोघांना मी रोज बगते. तो पलतो आनि पोरं त्याच्या मागं पलतात. ही उबी ऱ्हाते आनि पोरं स्वताच्या पायानं पलतात."

निकेतने मान खाली घातली. पूनमने त्याचा हात धरायला हात पुढे केला, मग मागे घेतला. त्या वेळी त्याला हात देणंही दया झाली असती.

शेठनी कपाळ चोळलं. "मुंबईवाले सरबी मुलाखतीनंतर तेच बोलले होते," ते अखेर पुटपुटले. "मीच ऐकलं न्हाय." मग वर बघून म्हणाले, "पोरं आनि पोरी, दोन्ही तिच्याकडे. पगारबी तोच. लगीन उरकलं की कागद. आता तरी बस, काकू."

"पूनमला विचार. मी काय तिची वकील न्हाय."

पूनम खांबापासून पुढे आली. "येते, शेठ. पण पहिल्या वर्षी पदकं मागू नका. पायाच कच्चा आहे तुमच्या संघाचा."

"बघा, अजून कागद हातात न्हाय आनि लागली बोलायला!" शेठ म्हणाले, आणि अंगण हसलं. सदूबाबा पाटावरून उठला, सगुणाबाई बसली. पहिल्या धवल्याला ड्रोनवाल्या पोरानेही ड्रोन खाली उतरवला.

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण घरी एक माणूस हरून आला होता, आणि हरलेल्या माणसाला 'तुझ्या बायकोचंच तर झालं' असं सांगणारे लोक मूर्ख असतात.

निकेत दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सगुणाबाईनेच विषय काढला. "रागावलास?"

"सगळ्या मांडवासमोर बोललीस, आये."

"मंग? कानात सांगून दत्त्याला पटलं असतं?"

"ते खरं होतं का पण?"

"तूच सांग."

निकेतने भात कालवला, बराच वेळ. "खरं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर लागलं."

सगुणाबाईने त्याच्या ताटात वाढायला पळी उचलली, आणि त्याने ताटावर आडवा हात धरला. राग अजून होता.

पूनम समोर बसली होती. "किती दिवस धरणार आहेस?"

"बघू."

"धर. मी असते तर महिनाभर धरला असता." ती पाणी प्यायली. "उद्या मला कॉलेजवर जायचंय. एक विचारू? बांधावरचा तो उंच पोरगा. शर्यतीच्या सुरुवातीला उठताना सारखा लटपटतो. मी सगळं करून बघितलं. मला नाही सापडत."

"मी रागात आहे."

"बरं. राहिलं."

ती जेवत राहिली. निकेतने दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

"मागचा पाय," तो म्हणाला.

"काय?"

"मागचा पाय फार मागे ठेवतो तो. उंच आहे ना, म्हणून त्याला वाटतं..." बोलता बोलता तो उठला, उष्ट्या हातानेच अंगणात गेला आणि जमिनीवर हात टेकून शर्यतीला बसतात तसा बसला. "हे बघ. असा बसतो तो. आता बघ, मी पाय पुढे घेतो. दिसलं? कंबर कुठे आली?"

"परत कर," पूनम म्हणाली, आणि ताट सोडून तीही बाहेर गेली.