कपाटाचा खालचा खण

झेरॉक्सवाल्या काकूंना इमारतीतले सगळे भोचक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं भांडण कशावरून झालं, सगळी खबर त्यांच्याकडे असे. त्यामुळे पोलिसांनी साक्षीला शेजारी मागितला तेव्हा सगळ्यांनी एकमताने काकूंचं दार दाखवलं आणि आपापली दारं लावून घेतली.

बाजारात स्फोट होऊन आठवडाही झाला नव्हता. काकूंची मुलगी तिथेच चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती थोडक्यात वाचली, पण तेव्हापासून ती घराबाहेर पडली की काकू ती दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून बघत राहत. आणि आता पोलिसांचा संशय होता समोरच्या घरातल्या शिकवणीवाल्या सरांवर.

"नवीन कायदा आहे, काकू," इन्स्पेक्टर म्हणाले. "झडती शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत घ्यायची. खण उघडण्याआधी मी रिकामे हात दाखवणार. जी वस्तू निघताना तुम्ही पाहिली नाही, ती कोर्टात चालत नाही."

"म्हणजे सगळं माझ्या गळ्यात?"

"माझ्याही गळ्यात आहेच. स्फोटात माझा एक माणूस गेलाय."

सर आपल्याच घरात भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. इन्स्पेक्टर बाह्या सारत, काकूंना तळवे दाखवत आणि मग सामानात हात घालत. स्वयंपाकघर झालं, पुस्तकं झाली, गादी झाली. जन्मभर काकू चोरून डोकावत आल्या होत्या. आज सरकारी परवानगीने डोकावायचं होतं, तर बघावंसंच वाटत नव्हतं.

मग कपाटाचा खालचा खण उघडला. वरच सरांच्या बायकोचे आतले कपडे होते. ती बिचारी माहेरी गेलेली, आणि इथे इन्स्पेक्टर आणि हवालदार असे चार पुरुष वाकून बघतायत. काकूंना कसंतरीच झालं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. क्षणभरच. परत वळल्या तेव्हा इन्स्पेक्टरांच्या हातात एक पिशवी होती. आत बॅटरी, वायरी आणि छोटं घड्याळ.

"पाहिलंत ना?"

काकूंनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग सरांकडे.

"ते माझं नाही," सर कसेबसे म्हणाले. खरा माणूसही हेच म्हणेल आणि खोटाही, हे काकूंना कळत होतं. मान हलवली तर सर कायमचे आत. नाही हलवली तर ते सुटणार, आणि पोरगी रोज त्या बाजारात जाणार. नुसती मान तर हलवायची होती. कोणाला कळणार होतं?

"पिशवी निघताना नाही पाहिली," काकू म्हणाल्या. "मी तोंड फिरवलं होतं."

"काकू, तोंड फिरवलं?"

"बायकांचे कपडे होते, साहेब."

इन्स्पेक्टर मटकन गादीवर बसले. "आणि उद्या काही झालं तर?"

काकू भीतीने रडायला लागल्या, आणि रडतारडताच पुन्हा म्हणाल्या, "नाही पाहिली."

पोलिसांच्या हाती दुसरं काही लागलं नाही. चौकशीसाठी नेलेले सर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटून घरी आले आणि त्यांनी काकूंचं दार वाजवलं. काकूंनी कडी काढली नाही.

"काकू, आभार मानायला आलो होतो."

"मानू नका," काकू आतूनच म्हणाल्या. "तुम्ही निर्दोष आहात असं मी म्हटलं नाही. पाहिलं नाही, एवढंच म्हटलं."

"तेवढं म्हणणारंही दुसरं कोणी नव्हतं."

त्यांची पावलं समोरच्या दारापर्यंत गेली. काकूंनी कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली. माणूस खरा असेल तर आपण किती वाईट वागलो, आणि नसेल तर काय करून बसलो, दोन्ही विचार एकदमच येत होते.

सकाळी मुलगी कामावर निघाली आणि नेमके त्याच वेळी सरही खांद्याला पिशवी लावून बाहेर पडले. काकूंनी खालचं झेरॉक्सचं दुकान तसंच उघडं टाकलं, चपला पायात सरकवल्या आणि त्या दोघांच्या मधून चालू लागल्या.

"आई, तू कुठे निघालीस?"

"बाजारात," काकू म्हणाल्या. त्यांची नजर सरांच्या पिशवीवर होती. बाजार येईपर्यंत त्यांनी एकदाही तोंड फिरवलं नाही.