शाळेसमोरचा रस्ता

ग्लेनिस हार्टली अकरा वर्षं इंग्लंडमधल्या बार्न्सली गावातल्या एका प्राथमिक शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देत होती. अंगात लांब पिवळा कोट, हातात ‘थांबा’ लिहिलेल्या गोल पाटीची काठी. ती रस्त्यात उतरली की गाड्या थांबत, त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटत नसे. अलीकडे मात्र कुणी हॉर्न दाबून धरी, कुणी काच खाली करून घाणेरडं बोले. एकीने तर कॉफीचा कप तिच्या पायाशी भिरकावला. नवऱ्याला, क्लाइव्हला, ती हे हसत सांगायची.

त्या मंगळवारी सहा मुलं निम्म्या रस्त्यात असताना एक करडी गाडी थांबली आणि पुन्हा इंचाइंचाने सरकू लागली. ग्लेनिसने मुलांना पलीकडे पळायला सांगितलं. स्वतः हलली नाही. गाडी तिच्या गुडघ्याला टेकली. आतला माणूस चाळिशीचा, टाय लावलेला. त्याने आवाजही चढवला नाही.

“म्हातारे, रोज इथेच असतेस ना? मीही रोज इथूनच जातो.”

गाडीचा नंबर बघायचं तिला सुचलंच नाही. क्लाइव्ह म्हणाला, उद्यापासून मी सोबत उभा राहतो. तिने साफ नकार दिला. मुलांच्या राखणदारालाच राखण लागते, हे मुलांना दिसायला नको होतं.

बुधवारी तो आला नाही, गुरुवारीही नाही. पण या देशात दर तिसरी गाडी करडी. प्रत्येक वेळी ती आधी चालकाचा चेहरा बघायची.

शुक्रवारी तो उतारावरून येताना दिसला. अंतर भरपूर होतं, एरवी ती बेधडक उतरली असती. पण पाऊल फुटपाथवरून सुटेना.

“हार्टलीबाई, जायचं ना?” सात वर्षांच्या टिलीने विचारलं.

“थांब गं राणी. एवढी एक गाडी जाऊ दे.”

त्याने वेग कमी केला, तिच्याकडे पाहिलं आणि आभार मानावेत तसा हात वर करून तो निघून गेला. त्याच्यामागून आणखी चार गाड्या गेल्या. पाटी तिच्या हातात आडवीच होती.

दुपारी तिने कोट आणि काठी मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी परोपरीने समजावलं. दुसरं माणूस मिळत नाही, निदान उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तरी थांबा, म्हणाल्या.

“आज मुलं कडेला होती,” ग्लेनिस म्हणाली. “उद्या ती मधोमध असताना माझे पाय असेच अडकले तर?”

बाईंनी कोट उचलून त्याची घडी घातली.

सोमवारी साडेआठला ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. शाळा दोन गल्ल्या पलीकडे. क्लाइव्हने तिच्यासमोर चहा ठेवला, तो निवून गेला. एक लांब हॉर्न वाजला, मग ब्रेकचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. तिने ओट्याची कड घट्ट धरली आणि शाळेची घंटा होईपर्यंत सोडली नाही.