भिमाच्या नावाचं लायसन

वरवंडच्या फकीर गवंड्याची आणि भिमाची जोडी जुनी. भिंत फकीरनं चढवायची. दगड-वाळू आणायची, माणसं जमवायची ती भिमानं. भिमाच्या बापानं मेंढरं मोडून शेती धरली होती, पण पोराचं मन बांधकामातच रमलं. एकोणीसशे साठच्या सुमाराला नियम आला, की सरकारी काम घ्यायचं तर कंत्राटदाराचं लायसन पाहिजे. ते एकाच्याच नावावर निघायचं.

"तुझ्याच नावावं काढ," फकीर म्हणाला. "साहेबाम्होरं मला बोलाय जमत न्हाई. काम मी बघतो."

लायसन निघालं. दोघांनी मिळून एक चावडी बांधली, मग एक शाळा. कामाला कुणी नाव ठेवलं नाही.

एके दिवशी दौंडला खाजगी बांधकामं घेणारे बडे बापूसाहेब भिमाच्या दारी आले. त्यांना राहूच्या दवाखान्याचं काम हवं होतं आणि लायसन नव्हतं.

"नाव तेवढं तुमचं," ते म्हणाले. "बाकी सगळं माझी माणसं बघतील. तुम्हाला राहूला यायचीसुद्धा गरज नाही."

एवढा मोठा माणूस आपल्या ओट्यावर बसून चहा पितोय, याचंच भिमाला अप्रूप वाटलं. त्यानं सही केली. फकीरला मात्र सांगितलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्याचा स्लॅब अजून कच्चा होता. बापूसाहेबांच्या मुकादमाला त्याच्या टेकूच्या फळ्या दौंडच्या दुसऱ्या कामावर हव्या होत्या, म्हणून त्यानं त्या काढल्या. स्लॅब खाली आला. तिथं धुरपदा नावाची बाई घमेली धूत बसली होती. ती वाचली, पण तिचा उजवा पाय गुडघ्यातून गेला.

चौकशीला आलेल्या साहेबानं भिमाला विचारलं, "फळ्या काढल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"वरवंडला."

"त्याआधी कामावर कधी गेला होता?"

लायसन रद्द झालं. बापूसाहेबांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

फकीरला हे बाजारात कळलं. भिमा त्याच्या घरी गेला तेव्हा तो जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं.

"मला इचारलं का न्हाईस?"

"तू नको म्हणाला असतास."

"व्हय. म्हणूनच न्हाई इचारलंस."

त्यानं ताट पुन्हा पुढं ओढलं. चार शिव्या दिल्या असत्या तर भिमाला बरं वाटलं असतं. महिन्याभरात फकीर शिरूरला दुसऱ्याच्या हाताखाली रोजानं जायला लागला.

भिमा राहूला गेला तो त्यानंतर, पहिल्यांदाच. धुरपदा दारात शेंगा फोडत बसली होती. त्यानं नाव सांगितलं.

"नाव ऐकलं हुतं तुमचं," ती म्हणाली. "तुमाला कवा बघितलं न्हाई."

तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं. भिमानं तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

दोन वर्षांनी फकीरनं स्वतःच्या नावावर लायसन काढलं. मांडवगण फराट्याला त्याचं काम सुरू झालं तेव्हा भिमा काम मागायला गेला.

"दगडाचं बघ," फकीर म्हणाला. "पण रोज कामावं यायचं."

"येतो."

इतक्या वर्षांत फकीरला असं कधी सांगावं लागलं नव्हतं. भिमा दगडाच्या गाडीकडं वळला.