कुरडया आणि ट्रबल

शेवटची कुरडई चादरीवर घालून मुक्ताने सोऱ्या खाली ठेवला, कंबर सरळ केली, आणि भपकारा आला.

कुंपणापलीकडच्या शेतात शेजारी डोनलचा ट्रॅक्टर फिरत होता. मागच्या टाकीतून गाईंच्या शेणामुताचं पाणी फवारलं जात होतं आणि वारा सगळा इकडेच येत होता. गहू भिजत घालण्यापासून चीक शिजवेपर्यंत ती आठवडाभर खपली होती. आयर्लंडच्या या केरी परगण्यातलं ऊन म्हणजे लहरी पाहुणा. आज ते कडकडीत पडलं, तर या माणसालाही नेमका आजचाच मुहूर्त सापडावा?

दरवर्षी आई नगरहून कुरडयांचा डबा पाठवायची. एप्रिलमध्ये आई कोविडने गेली. नगरला जायचं म्हटलं तर नवरा, प्रसन्न, म्हणाला, "प्रॅक्टिकली विचार कर, मुक्ता." त्यानंतर त्याने तो विषयच काढला नाही. डब्लिन सोडून इथे ट्रलीबाहेर घर घेतल्यापासून तो दिवसभर खोलीत मीटिंगा करत असायचा, आणि ती भिंतींशी बोलायची. या वर्षी कुरडया आपणच घालायच्या, आईसारख्या, असं तिने मनाशी धरलं होतं. त्या आता शेणाच्या वासात वाळत होत्या.

दारातले प्रसन्नचे गमबूट पायांत अडकवून ती तरातरा निघाली. फाटकाशी उभी राहून तिने दोन्ही हात हलवले. डोनलने इंजिन बंद केलं. सत्तरीचा म्हातारा सावकाश खाली उतरला, तिच्याजवळ आला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"सॉरी फॉर युअर ट्रबल," तो म्हणाला.

"ट्रबल?" मुक्ताचा तोल सुटला. "धिस इज जस्ट ट्रबल टू यू? वन वीक आय वर्क्ड! वन वीक!"

त्याने हात पुढे केला, मग कोविडची आठवण होऊन की काय मागे घेतला. गोंधळून त्याने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, या खेपेला आणखी हळू. ही तर थट्टाच झाली. जे जे इंग्रजी तोंडात आलं ते ते तिने त्याला ऐकवलं आणि पाठ फिरवली. तो टोपी हातात धरून तसाच उभा राहिला.

घरात येऊन तिने प्रसन्नच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. त्याने घाईघाईने माइक बंद केला.

"तुझा तो डोनल! सगळ्या कुरडया नासवल्या, आणि वर म्हणतो काय, सॉरी फॉर युअर ट्रबल! तेही दोनदा!"

प्रसन्न खुर्चीतून उठला.

"अगं, ते कुरडयांचं नव्हतं. घरातलं कुणी गेलं की इथे असंच म्हणतात. परवा फाटकाशी भेटला तेव्हा मीच त्याला आईंचं सांगितलं."

मुक्ता दाराला धरून उभी राहिली. आपण त्या म्हाताऱ्याला काय काय बोललो ते तिला एकेक करून आठवू लागलं.

"तुला कसं माहीत, असं म्हणतात ते?"

"आई गेल्या तेव्हा टीममधले सगळे म्हणाले ना."

"कुणाला?"

"मला."

"आणि तू?"

"थँक्स म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

"माझी आई गेली," मुक्ता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सगळ्या ऑफिसने तुझं सांत्वन केलं, आणि त्यातलं एक अक्षर तू या खोलीबाहेर आणलं नाहीस."

"तुला उगाच आठवण करून द्यायची नव्हती."

"आठवण? मी विसरले होते काय?"

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं. लॅपटॉपवरचे चेहरे आपापसात हसत होते.

"आणि तू स्वतः?" तिने विचारलं. "तू काय म्हणालास मला?"

"आपल्यात कुठे असं काही म्हणतात, मुक्ता?" प्रसन्न चाचरत म्हणाला. "आपल्यात शब्दच नाही त्याला. माणसं नुसती येऊन शेजारी बसतात."

"मग बसायचं होतंस."

लॅपटॉपमधून कुणीतरी त्याला नावाने हाक मारली. पुन्हा मारली. प्रसन्न उभाच होता.