त्या दिवशीची नोंद

नागपुरात, सीताबर्डीतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पेटंटचे अर्ज चालवणाऱ्या ऋषिकेशच्या कचेरीत, देवाजी गजभिये सकाळी साडेनऊलाच पत्नी इंदूबाईंसह येऊन बसले होते. सुनावणी अकराला, संगणकाच्या पडद्यावर व्हायची होती. पुढ्यात दोन पानांचे प्रतिज्ञापत्र होते आणि त्यावर सही तेवढी राहिली होती. देवाजींनी ते ओळीखाली बोट धरून तीनदा वाचले. तेहेतीस वर्षे साबणाच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या माणसाला न वाचता केलेल्या सहीचा परिणाम ठाऊक असतो. वाचून त्यांना राग आला नाही, धीरही आला नाही. पेटंट कचेरीचा आक्षेप आल्याला चार महिने झाले होते, आणि तेव्हापासून त्यांना काही वाटणेच थांबले होते. भाजीत मीठ नाही, हेदेखील इंदूबाईंनी सांगितले म्हणजे त्यांना कळे.

अर्ज एका यंत्राचा होता. शिलाई यंत्राएवढे, हाताने फिरवायचे. ते चपटे खोके ओढून घेई, उभे करी, त्यात साबणाची वडी सरकवी आणि दोन्ही तोंडांच्या पाकळ्या आत खोचून खोके बंद करी. मोठ्या कारखान्यांत अशी यंत्रे असतातच; परंतु ती पाकळीला फटका मारून दुमडतात, आणि घरगुती साबण मऊ असल्यामुळे त्या फटक्यासरशी वडीचा कोपरा चेपतो. देवाजींना याची तोड सापडली ती गवत कापण्याच्या यंत्रात. कारखान्याच्या बंगल्यापुढची हिरवळ कापायचे, ढकलत न्यायचे एक जुने यंत्र भंगारात निघाले होते. त्याच्या रुळावरची पाती सरळ नसतात, त्यांना पीळ असतो. म्हणून गवत एकदम न कापले जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कापले जाते. देवाजींनी पात्यांची धार घासून काढली, वर रबर चढवले आणि तो रूळ पाकळीवरून फिरवला. पाकळी एका टोकाकडून वळत वळत आत गेली आणि वडीला धक्कासुद्धा लागला नाही.

कारखान्यात त्यांनी केलेल्या सुधारणा थोड्या नव्हत्या. वड्या कापणाऱ्या तारेला त्यांनी बसवून दिलेला ताण आजही तिथे चालतो. मात्र त्या यंत्रावरच्या पितळी पट्टीवर नाव कोरले आहे ते तेव्हाच्या मॅनेजरचे. एक वस्तू तरी आपल्या नावाने सरकारदरबारी मंजूर व्हावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. तिच्या आड आले ते त्यांचेच घर.

इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीचा दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर मांडव पडतो. कोणी जेवण वाढते, कोणी पाणी देते. इंदूबाई दूरदूरहून आलेल्यांना आपल्या हातच्या कडुनिंबाच्या साबणाची वडी देतात. पूर्वी ती वर्तमानपत्रात बांधून देत, आणि पाहुण्यांच्या पिशवीतल्या भाकरीला साबणाचा वास लागे. दोन वर्षांपूर्वी देवाजींनी यंत्रच मांडवात नेऊन ठेवले. इंदूबाईंनी दांडा फिरवला, देवाजींनी वड्या लावल्या, आणि त्यांच्या मुलीने, भावनाने, त्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी इंटरनेटवर टाकला. अर्ज गेला तो त्यानंतरच्या फेब्रुवारीत. कायदा सांगतो की अर्जाआधी जे लोकांनी पाहिले, ते नवे नव्हे.

“काका, करा न सही,” ऋषिकेश म्हणाला. पस्तिशीचा, हुशार आणि मनापासून त्यांचे भले चिंतणारा माणूस होता तो. “कायद्यात सूट आहे, पण मोजक्याच ठिकाणी. सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनात दाखवलं असतं, त चाललं असतं. विद्वानांच्या मंडळासमोर निबंध वाचला असता, तरी चाललं असतं.”

“आमच्या मांडवासमोरून लाखानं लोक गेले. त्याईले विद्वान म्हणाचं नाही, असं कोठी लिहलं आहे?”

“माह्याशी काहून भांडून राहिले, काका? मी तुमच्या बाजूचा आहो.”

“बाजूचा आहे म्हणूनच भांडून राहिलो. जो बाजूचा नाही, तो ऐकूनच घेत नाही.”

इंदूबाई पंख्याखाली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “चाळीस वर्सं झाले, मी बाजूनंच आहो,” त्या ऋषिकेशला म्हणाल्या. “सांभाळून राहा, बापू.”

ऋषिकेश हसला आणि पुन्हा कागदाकडे वळला. “आता राहिली चाचणीची सूट. यंत्र लोकांसमोर चालवल्याशिवाय त्याची परीक्षाच होत नसन, त वर्षभर माफ आहे. तेच लिहलं मी. गर्दीत, धुळीत, दिवसभर चालून यंत्र टिकते का नाही, हे पाहाले तुम्ही ते मांडवात नेलं.”

“मी त्याच्यासाठी नेलं नाही.”

“पण टिकलं न?”

“टिकलं.”

“मंग झाली न चाचणी.”

“वकीलसाहेब, मी सासऱ्याच्या घरी जेवाले गेलो अन् माहं पोट भरलं, त मी काय पोटाची चाचणी घ्याले गेलो होतो?”

ऋषिकेशने डोळे मिटून घेतले. इंदूबाईंनी मात्र या वेळी नवऱ्याची बाजू घेतली नाही. “भावनाचे बाबा, करून टाका सही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “साबण लोकाईले भेटला. आता कागदावर काही लिहलं, तरी तो वापस येत नाही.”

बोलणे बिनतोड होते. देवाजींनी ते मनात उलटेपालटे करून पाहिले. खोट सापडली नाही. आपल्या आत काहीतरी आडवे येईल म्हणून ते क्षणभर थांबले. काही आले नाही. त्यांनी पेन उचलले, आणि मग पुन्हा टेबलावर ठेवले. “आधी पेटंटवाली बाई काय विचारते, ते पाहू,” ते म्हणाले.

अकराला पडद्यावर पेटंट कचेरीच्या अधिकारी बाई आल्या. मध्यम वयाच्या, सौम्य. अर्जदार नागपूरचे आहेत हे पाहून त्या मराठीतच बोलू लागल्या. ऋषिकेशने आपले म्हणणे उत्तम मांडले आणि प्रतिज्ञापत्र आजच दाखल होईल, असे सांगितले. बाईंनी विचारले, “चाचण्यांची काही नोंद आहे का?”

“आहे न,” देवाजींच्या तोंडून निघून गेले. त्यांच्या पिशवीत वही होती. ती नसती तर ते घराबाहेर पडले नसते. त्या वर्षीच्या मे महिन्यापासूनच्या चाचण्या तीत होत्या: तारीख, किती वड्या लावल्या, किती चेपल्या, कशाने चेपल्या. ऋषिकेशचा चेहरा उजळला. त्याने पाने कॅमेऱ्यासमोर धरली. शेवटची नोंद विजयादशमीच्या नऊ दिवस आधीची होती.

“आणि त्या दिवशीची?” बाईंनी विचारले.

“मॅडम, इतक्या गर्दीत नोंद ठेवणं शक्य नव्हतं,” ऋषिकेश घाईने म्हणाला.

बाईंनी देवाजींकडे पाहिले. “त्या दिवशी काही वड्या चेपल्या असतीलच. त्यांचं काय केलंत?”

“बाजूले ठेवल्या. त्याईच्या जागी दुसऱ्या देल्ल्या.”

“किती, हे आठवतं?”

“नाही.”

“कशामुळे चेपल्या, ते पाहिलंत?”

“त्या दिवशी काहून पाहू, बाई? समोर पाहुणा उभा आहे. चेपलेली वडी त्याच्या हाती द्याची नाही, एवढंच पाहाचं असते.” आपण काय बोललो ते देवाजींना कळत होते, आणि ते मागे घेता येईल हेही कळत होते. ऋषिकेशने टेबलाखालून त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

“मग ती चाचणी होती का?” बाईंनी विचारले. आवाजात दरडावणी नव्हती. उलट, त्यांनी उत्तराला पुरेसा वेळ दिला.

“नव्हती,” देवाजी म्हणाले. “चाचणी घरी झाली होती. तिथं आम्ही द्याले गेलो होतो.”

बाईंनी काही लिहून घेतले, यंत्राची आकृती पडद्यावर आणून एकदोन किरकोळ गोष्टी विचारल्या, लेखी म्हणणे देण्यास पंधरा दिवसांची मुदत असल्याचे सांगितले आणि नमस्कार केला. पडदा काळा झाला.

“एक शब्द, काका,” ऋषिकेश म्हणाला. “‘होती’ म्हटलं असतं, त झालं असतं.”

“दुसऱ्याशी भांडतेत, ते समजते,” इंदूबाई म्हणाल्या. “हे आपल्या फायद्याशी भी भांडतेत.” त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून नवऱ्यापुढे सरकवली. देवाजी पाणी प्याले. ते गार होते की कोमट, हे त्यांना सांगता आले नसते.

“आता अर्जाचं काय होते?” त्यांनी विचारले.

“नामंजूर.”

“फाडून फेकतेत?”

“नाही. तो प्रसिद्ध झाला आहे. वर्णन, आकृत्या, तुमचं नाव, सगळं तसंच राहते. ज्याले पाहिजे तो वाचन, ज्याले पाहिजे तो बनवन. तुम्हाले अडवता येत नाही, एवढंच.”

देवाजींनी काळ्या पडद्याकडे बोट केले. मग म्हणाले, “बाईनं आकृती दाखवली न, तिच्यात रुळाचा पीळ उलटा काढला आहे.”

“असन. आता काय फरक पडते?”

“पंधरा दिवस देल्ले न तिनं? दुरुस्ती द्या.”

“काका, पडणाऱ्या अर्जात कोणी दुरुस्ती करत नाही.”

“त्या आकृतीवरून कोणी यंत्र बनवलं, त त्याची पाकळी बाहेर वळन. दिवसभर दांडा फिरवन तो, अन् एक खोकं बंद होणार नाही. वरतं नाव कोणाचं दिसन?”

ऋषिकेशने इंदूबाईंकडे पाहिले. त्यांनी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याला कळले नाही. त्याने प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढून पुढे ठेवला. देवाजींनी पेन्सिल घेतली. समाधान म्हणावे तर ते कुठे नव्हते. त्यांनी रूळ काढला, त्यावर पिळाच्या रेघा एकेक करून ओढल्या आणि कागद उंच धरून उजेडात तपासला.

“दांडा उजवीकडं, पीळ डावीकडं,” ते म्हणाले. “लिहून घ्या.”

ऋषिकेशने लिहून घेतले.