खुल्या वर्गाचा रकाना

बायको प्रतिभा गेल्याचं कळलं तेव्हा कोंडिबा शिरूरच्या डेपोत बसखाली आडवा पडून नट आवळत होता. ती भावाच्या मुलीच्या बारशाला दौंडला गेली होती. सकाळी चहा टाकताना मटकन खाली बसली, ती उठलीच नाही. तिचा भाऊ सत्यजीत फोनवर एवढंच म्हणाला, "दाजी, तुम्ही निघा." कोंडिबानं तो नट पुरता आवळला आणि मग निघाला. तेवढा वेळ का घालवला, ते त्याला अजून सांगता येत नाही.

पाच आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा, गौतमीचा, इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला. पंचाण्णव पूर्णांक बासष्ट पर्सेंटाइल. शेजारच्या साळूबाई पेढे मागायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

प्रतिभाची वही घरात होती. तीन वर्षांचे कटऑफ तिनं हातानं उतरवले होते. पुण्यातली चांगली सात कॉलेजं, एकाखाली एक. सरकारी कॉलेजात सिव्हिल सत्त्याण्णव पूर्णांक नऊ, त्याच्या आदल्या वर्षी अठ्ठ्याण्णव. गौतमीनं वही दोनदा पाहिली आणि मिटली.

"न्हाई लागत माझा नंबर. दौंडकडचं जवळचं कॉलेज बघू."

रविवारी सत्यजीत आला. वही चाळता चाळता थांबला.

"दाजी, हे सगळं खुल्या वर्गाचं हाय. आपला रकाना कुठंय?"

"कसला रकाना?"

"एससीचा. थांबा." त्यानं मोबाईलवर यादी काढली. "हे बघा, तेच कॉलेज, तीच सिव्हिल. चौऱ्याण्णव पूर्णांक एक. पोरगी बसती की आत! तुम्ही काय बघत होता महिनाभर?"

 कोंडिबाला वाटत होतं, कॉलेजाचा एकच आकडा असतो.

"ताई मानी होती," सत्यजीत म्हणाला. "आपल्या पोरीला कुणी टोमणा मारू नये, म्हणून खुल्यातलंच बघत असणार."

"तसं न्हाई, मामा," गौतमी आतून म्हणाली. ती बाहेर आली, पण बापाकडे बघत नव्हती. "मी विचारलं होतं आईला. ती म्हणली, जातीच्या व्हॅलिडिटीला तुझ्या पणज्याचा शाळेतला दाखला लागतो. तुझे पप्पा काय त्यासाठी कवठ्याला जायचे न्हाईत. मग आपण खुल्यातलंच धरून चालू."

 सत्यजीतनं मोबाईल खिशात घातला.

प्रतिभानं दाखला आणायला तीनदा सांगितलं होतं. एकदा दिवाळीत, एकदा परीक्षेच्या आधी, एकदा दौंडला निघताना एसटीत चढता चढता. प्रत्येक वेळी तो म्हणाला होता, ड्युटी बघून जातो. कवठे येमाई काही लांब नव्हतं, त्याच्याच डेपोची गाडी जात होती.

सोमवारी तो रजा टाकून गेला. आजोबांचंच नाव त्याला ठेवलेलं, त्यामुळे अर्ज वाचून शाळेतला कारकून हसला.

"कोंडिबा, पहिलीत दाखल एकोणीसशे अडतीस. तुम्हीच का, आबा? लय टिकलाय की!"

"आजोबा माझे."

"तेवढं जुनं रजिस्टर इथं न्हाई. कागद सुटायला लागला म्हणून तालुक्याला स्कॅनिंगला दिलंय. येईल गुरुवारपर्यंत. न्हाईतर पुढच्या आठवड्यात."

"फॉर्मची मुदत शुक्रवारी संपती."

"मग आधी यायचं ना, आबा. लोक वर्ष-वर्ष आधी येतात."

ते खरंच होतं. कोंडिबानं मान हलवली.

घरी आला तर गौतमी फॉर्म उघडून बसली होती. जातीचा रकाना सोडून बाकी सगळं भरलं होतं.

"मिळाला?"

"गुरुवारी म्हणतो."

"आन् न्हाई मिळाला तर?"

"त्याच्याशिवाय व्हॅलिडिटीचा अर्ज न्हाई. अर्जाच्या पावतीशिवाय आपला वर्ग लागत न्हाई."

"मग मी काय भरू?"

"तू थांब दोन दिवस."

"आईपण थांबायचीच," ती म्हणाली आणि पोळ्या करायला उठली.

त्यानं वही उघडली, पट्टीनं आणखी एक रकाना आखला आणि सत्यजीतला फोन करून सातही कॉलेजांचे आकडे विचारून लिहून घेतले. सातपैकी पाच ठिकाणी पोरगी बसत होती.

आज बुधवार आहे. दाखला आलेला नाही, व्हॅलिडिटीचा अर्ज झालेला नाही आणि गौतमीचा फॉर्म भरायचा राहिला आहे.